दोघींपुरता बोर्ड

देवयानी पुजारी आमच्या शाळेत गणित शिकवते. मी तिथंच मराठी शिकवते. माझं नाव राजनंदिनी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी असल्यामुळं तिच्या या सगळ्या उद्योगाची खबर मला रोज लागत होती, आणि त्यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

देवयानीचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. ती मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर लावते आणि उभी राहूनच तास घेते. कुणी वर्गात खुर्ची आणून ठेवली तर ती तिच्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवते. तिचे वडील वेणीमाधवराव होटगी स्टेशनात बुकिंग क्लार्क होते. मुलगी चालताना पडते, बाकीच्या पोरांच्या मागं राहते, हे बघून त्यांनी तिला जवळच्या मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं. तिच्या थोरल्या भावाला, सुबोधलाही शिकवायचं होतं, पण तो विहिरीच्या पायऱ्यांवरून खाली उतरलाच नाही. देवयानी मात्र पहिल्या उन्हाळ्यातच डबा सोडून पोहायला लागली.

पुढं आई-वडील गेले. तिनं लग्न केलं नाही. सुबोध बँकेत आहे, सोलापुरातच जुळे सोलापूर भागात राहतो. ही विजापूर रोडला बैठ्या घरात एकटी. मागं दोन जादा चाकं लावलेली तिची स्कूटर सगळ्या पोरांच्या ओळखीची. अशा बाईच्या घरात खारीक आली.

होटगीच्या बाजूला बिरुदेव नावाचा धनगर मेंढरं चारतो. देवयानी आईच्या नावानं दरवर्षी तिकडच्या देवळात नारळ फोडायला जाते, तेव्हाची ओळख. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक पिल्लू मेंढरांकडं ढुंकूनही बघत नव्हतं, सारखं जाऊन तलावाच्या कडेला बसायचं.

“ह्ये काय कामाचं न्हाय बघा बाई,” बिरुदेव म्हणाला. “मेंढरं गेली एकीकडं, आन् ही बया पान्याकडं तोंड करून बसती. नेता का?”

अंगाचा रंग खारकेसारखा, म्हणून नाव खारीक. वर्षभरात ती चांगली थोराड झाली, आणि तिथून अडचण सुरू झाली. धनगराच्या कुत्रीचं रक्त. तिला पळायला पाहिजे. देवयानी तिला पट्टा लावून गल्लीत न्यायची. एके दिवशी समोरून डुक्कर गेलं, खारीकनं झेप घेतली आणि देवयानी पालथी पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून ती शाळेत आली आणि डाव्या हातानं फळ्यावर लिहायला लागली.

सुबोध त्या संध्याकाळी तिच्या घरी आला तेव्हा मी तिथंच चहा करत होते.

“देवू, हे कुत्रं त्या धनगराला परत दे,” तो उभ्या उभ्याच म्हणाला.

“का म्हणून?”

“का म्हणून काय विचारतेस? तिला फिरवणं तुला जमणार नाही. तुझा त्रास, तिचाही त्रास.”

“चालत जमणार नाही, एवढंच ना?” देवयानी म्हणाली. “मग चालायचं नाही. दुसरं काहीतरी बघायचं.”

सुबोधनं माझ्याकडं बघितलं. मी चहा गाळत राहिले.

मनगट बरं झाल्यावर ती खारीकला स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभी करून होटगीच्या तलावावर न्यायला लागली. तिथं खारीक पाण्यात धडाधडा उड्या मारायची. देवयानीला राहवलं नाही. रविवारच्या एका सकाळी तिनं कॅलिपर सोडलं, पंजाबी ड्रेसवरच पाण्यात शिरली आणि चांगली लांब गेली. मागोमाग खारीक. काठ दूर राहिला तसा खारीकचा दम संपला, आणि दमलेल्या कुत्रीला पाण्यात टेकायला एकच जागा दिसली. ती देवयानीच्या खांद्यांवर चढली. देवयानी दोनदा पाण्याखाली गेली. कशीबशी तिनं कुत्रीची मान धरून तिला बाजूला सारलं आणि एका हातानं पोहत दोघी काठाला लागल्या.

सोमवारी शाळेत तिच्या मानेवर नखांचे लांब ओरखडे होते. मधल्या सुट्टीत तिनं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. केरळातल्या कुठल्याशा खाडीत एक बाई फळीसारख्या लांबट वस्तूवर उभी राहून वल्हं मारत होती आणि पुढं तिचा कुत्रा मजेत बसला होता.

“ह्याला पॅडल बोर्ड म्हणतात,” ती म्हणाली. “ह्याच्यावर आम्ही दोघी मावू.”

“अगं, ती उभी आहे.”

“मी बसेन की. बसायला काय बंदी आहे का?”

पुढचे काही आठवडे ती दुकानदारांना फोन करत होती. प्रत्येक जण तिचं वजन विचारायचा, कुत्रीचं वजन विचारायचा, बेरीज करायचा आणि म्हणायचा, मॅडम, कुठलाही घ्या, आमचा बोर्ड याच्या दुप्पट वजन पेलतो. देवयानीला हे पटेना. “बुडणार नाही हे मला पण कळतंय,” ती म्हणायची. “कलंडणार का, ते सांगा. वजन गप्प बसून राहणार नाही, ते इकडून तिकडं जाणार.” त्यावर समोरचा माणूस पुन्हा वजनाचाच आकडा सांगायचा. शेवटी तिनं ठरवलं की स्वतः बसून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

उजनीच्या बॅकवॉटरला एका रिसॉर्टवर असे बोर्ड भाड्यानं मिळतात असं कळलं. मी गाडी काढली. मागच्या सीटवर खारीक, पुढं देवयानी. तिथं बोटींचं काम बघणारा सोमेश म्हणून चाळिशीचा माणूस होता. त्यानं कॅलिपरकडं पाहिलं, मग कुत्रीकडं, आणि मला विचारलं, “मॅडम, तुम्ही बसणार ना?”

“मी नाही,” मी म्हणाले. “ह्या दोघी.”

“असं कसं चालेल? काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी,” देवयानी म्हणाली. “आधी मी पोहून दाखवते. मग आपण बोलू.”

ती काठावर बसली, कॅलिपरचे पट्टे सोडून ते माझ्या हातात दिलं आणि सरकत सरकत पाण्यात गेली. लांबवर पाण्यात एक लाल पिंप तरंगत होतं. त्याला हात लावून ती परत आली. सोमेशनं दोन लाइफ जॅकेट आणून ठेवली. खारीकसाठी देवयानीनं आधीच नवी पेठेतल्या एका टेलरकडून लहान मुलाचं जॅकेट कापून बेतून घेतलं होतं आणि पाठीवर पिशवीच्या बंदासारखी जाड पट्टी शिवून घेतली होती, धरून उचलायला.

पहिला बोर्ड लांब, निमुळता आणि टणक होता. त्याच्यावर मागच्या अर्ध्या भागात रबर होतं, पुढचा भाग गुळगुळीत. खारीक पुढं बसली तशी तिची नखं घसरायला लागली. घाबरून ती मागं रबराकडं सरकली आणि बोर्ड पालथा झाला. दुसरा बोर्ड चांगला ऐसपैस होता. चाल म्हशीसारखी, पण खारीक उठली, वळली, अंग झाडून पुन्हा बसली, तरी तो थोडा डुलला इतकंच. मी काठावरून टाळ्या वाजवल्या.

देवयानीनं मात्र वल्हं बोर्डवर ठेवलं आणि आपण होऊन पाण्यात उडी मारली. पाण्यातून परत वर चढता येतंय का, हे तिला बघायचं होतं. कोपर वर गेलं, छाती वर आली, पण पुढं काही होईना. धड पायानं रेटायचं म्हटलं तर खाली टेकायला काही नाही, आणि दुसऱ्या पायात जोर नाही. ती सुटून खाली आली. पुन्हा चढली, पुन्हा सुटली. सोमेश बोट घेऊन जवळ गेला आणि त्यानं हात पुढं केला.

“नको,” ती म्हणाली.

आणखी बराच वेळ ती झटत राहिली. शेवटी बोर्डला लटकूनच काठाला आली. तिचे ओठ निळे पडले होते. गाडीत ती टॉवेल गुंडाळून, खिडकीला डोकं टेकून बसली, ते मोहोळ येईपर्यंत. मला वाटलं, संपलं आता.

“रुंद पाहिजे,” ती एकदम म्हणाली. “पुढच्या टोकापर्यंत रबर पाहिजे. आणि पाण्यात पडले तर माझं मला चढता आलं पाहिजे. प्रत्येक वेळी सोमेश कुठून आणायचा?”

टणक बोर्ड स्कूटरवर नेणं शक्य नव्हतं. म्हणजे हवा भरायचा, गुंडाळून पाठपिशवीत मावणारा बोर्ड. हे ऐकल्यावर सुबोधनं तिला एक गोष्ट सांगितली आणि त्यात तथ्य होतं. होटगीच्या तलावाभोवती सगळी वेडी बाभूळ माजली आहे. वाळलेले काटे मातीत, चिखलात, गवतात. तिथं सायकलची ट्यूब टिकत नाही, तर हवेची फळी काय टिकणार?

“बरोबर आहे तुझं,” देवयानी त्याला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुकानदारांकडं वेगळीच मागणी करायला लागली. ज्या कापडाचा बोर्ड आहे त्याचा हातभर तुकडा पाठवा. एकानं असं कधी कुणी मागितलं नाही म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. गोव्याच्या एकानं तुकडा पाठवला. पुण्यात संस्कृती नावाची मुलगी असं दुकान चालवते; तिनं नीट चौकशी केली, काटा केवढा असतो ते विचारलं, आणि दोन थरांच्या जाड मालाचा तुकडा पाठवला.

दोन्ही तुकडे घेऊन आम्ही तलावावर गेलो. देवयानीनं बाभळीचा वाळका काटा निवडला, गोव्याचा तुकडा दगडावर ठेवला आणि वरून काटा दाबला. आरपार. मग पुण्याचा तुकडा. काटा थोडा रुतला आणि तिथंच अडला. एवढ्यात बिरुदेव मेंढरं घेऊन आला.

“काय करायलाय बाई?”

तिनं सांगितलं. त्यानं तुकडा उलटासुलटा करून बघितला, खाली टाकला, त्याच्यावर काटा उभा धरला आणि वहाणेच्या टाचेनं जोरात दाबला.

“आत गेला की,” तो म्हणाला. मग तुकडा उचलून मागची बाजू बघितली. “पर पार न्हाय गेला.”

“म्हणजे चालेल?”

“त्ये मला काय ठावं? पर ही कुत्री फळीवर बसंल असं वाटतंय व्हय तुमाला? एक पाखरू उडालं की गेली बघा.”

“मग पडू. पडल्यावर काय करायचं, ते बसवायलेय मी.”

बोर्ड आला तो पुण्याचाच. संस्कृतीनं देवयानीच्या सांगण्यावरून त्याच्या दोन्ही कडांना जाड कड्या चिकटवून दिल्या होत्या. हवा भरल्यावर तो हॉलमध्ये सरळ मावेना, म्हणून तिरपा ठेवला. एक महिना देवयानीच्या घरी गेलं की बोर्ड ओलांडूनच आत जावं लागायचं. खारीकची भाकरी बोर्डवर, पाण्याचं भांडं बोर्डवर, दुपारची झोप बोर्डवर. “पसर!” म्हटलं की तिनं पोट टेकून आडवं व्हायचं आणि पुन्हा सांगेपर्यंत उठायचं नाही. देवयानी बोर्ड हलवायची, भांडी वाजवायची, खिडकीतून चिमण्या दाखवायची. कुत्री उठली की पुन्हा “पसर!” हा आवाज दहावीच्या वर्गाचा होता, मीसुद्धा एकदा दचकून खाली बसले.

त्यानंतर दुसरी तयारी तिनं बोर्ड नेऊन शहरातल्या पोहण्याच्या तलावावर केली, बायकांच्या वेळेत. कडीला दोरीचा फास बांधायचा, तो पाण्यात सोडायचा आणि घोड्याच्या रिकिबीत घालावा तसा धड पाय त्यात घालून वर यायचं, अशी तिची योजना. पहिल्यांदा पाय फासात गेला आणि बोर्डच्या खालीच सरकला; ती उताणी पडली. असं कितीतरी दिवस चाललं. तिच्या कोपरांची सालं निघाली. मग तिनं दोरी आखूड केली, फास जवळजवळ गुडघ्याशी आणला, आणि एका दुपारी वर आली. नुसती वर आली नाही, तर पुन्हा उडी मारली आणि पुन्हा वर आली. बाकीच्या बायका पोहायच्या थांबून बघत होत्या.

तलावाच्या काठाची तयारी राहिली होती. मासे धरणाऱ्या लोकांना विचारून तिनं जाळी कुठं असतात ते समजून घेतलं. थंडीत परदेशी पाखरं उतरतात तो भाग सोडून दिला. मग एका कोपऱ्यात पाण्यापर्यंतची वाट साफ करायला घेतली. जमिनीवर बसून, कोयत्यानं, पुढं सरकत सरकत. बिरुदेव थोडा वेळ बघत राहिला, मग तोडलेल्या काटेरी फांद्या ओढून बाजूला टाकू लागला. एमआयडीसीत चादरींचा कारखाना असलेल्या एका पालकानं डाग पडलेल्या, विकायला न गेलेल्या दोन जाड चादरी दिल्या. त्या अंथरायच्या, त्यांच्यावर बोर्ड उघडायचा, आणि त्यांच्यावरूनच पाण्यात ढकलायचा.

जानेवारीतल्या रविवारी सकाळी आम्ही गेलो. सुबोध न बोलावता आला. “पोहता येत नाही मला,” तो म्हणाला, “पण काठावर थांबतो.” त्यानं पंप मारून हवा भरली. देवयानीनं दोन पात्यांचं वल्हं घेतलं, मधोमध बसली, “खारीक, ये!” म्हणाली. खारीक चढली, वास घेतला आणि पसरली.

पहिली काही मिनिटं सगळं अगदी छान. पाणी सपाट होतं. वल्ह्याचा आवाज काठापर्यंत येत होता. मग लव्हाळ्याच्या बेटातून एक काळं पाणपाखरू फडफडत पाण्यावरून पळालं आणि खारीक उडाली. बिरुदेव म्हणाला होता तसंच झालं. तिनं मागच्या पायांनी जोर देऊन उडी घेतल्यामुळं बोर्ड कलला आणि देवयानी दुसऱ्या बाजूला पडली.

“देवू!” सुबोध बुटांसकट पाण्यात शिरला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

देवयानीचं डोकं वर आलं. “दादा, थांब! पाण्यात येऊ नकोस! राजनंदिनी, धर त्याला!”

मी त्याचा शर्ट मागून धरला. तो ओढत होता. समोर पाखरू केव्हाच दिसेनासं झालं होतं आणि खारीक मागं फिरून थेट देवयानीच्या अंगावर यायला लागली होती. माझ्या डोळ्यांसमोर ते ओरखडे आले. पण देवयानी तिच्या आधी बोर्डच्या बाजूला पोचली. खारीक जवळ आली तशी तिनं तिच्या जॅकेटवरची पट्टी धरली, एक हिसडा दिला आणि कुत्रीला वर ढकललं. खारीक बोर्डवर उभी राहिली, अंग झाडायला लागली. बोर्ड डगमगला.

“पसर!”

खारीक पसरली.

देवयानीनं फास पाण्यात सोडला, पाय घातला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा ती कोपरावर आली, मग पोटावर, मग पूर्ण बोर्डवर आडवी झाली. तिची पाठ वरखाली होत होती. खारीक तिचा कान चाटत होती, पण उठली नव्हती. सुबोधनं ओढणं थांबवलं. मी त्याचा शर्ट सोडला तर त्याच्यावर माझ्या मुठीच्या चुण्या पडल्या होत्या.

“आता ये परत!” तो ओरडला.

देवयानी उठून बसली. तरंगत चाललेलं वल्हं तिनं हातांनी पाणी मारत जाऊन उचललं. काठाकडं बघून हात हलवला आणि बोर्डचं तोंड पलीकडच्या बाजूला वळवलं.

“अगं, कुठं निघालीस?”

“अजून फेरी कुठं झालीय?” तिचा आवाज पाण्यावरून आला.

ती सावकाश त्या टोकापर्यंत गेली. सुबोध ओल्या बुटांनी काठानं तिच्या बरोबरीनं चालत राहिला, काट्यांतून वाट काढत. परत आल्यावर त्यानं बोर्ड ओढून चादरीवर घेतला आणि एका बाजूनं हात फिरवत कुठं काटा लागलाय का ते बघायला लागला. लागले होते, दोन. दोन्ही अर्ध्यावर अडलेले. त्यानं ते चिमटीनं उपसून लांब फेकले.

“ओले बूट काढ, थंडी वाजेल,” देवयानी त्याला म्हणाली.

“तुझं बघ आधी,” तो म्हणाला आणि गाडीतला टॉवेल आणायला गेला. परत येताना त्यानं दोन आणले होते, एक खारीकसाठी.

होळीपर्यंत त्यांचे रविवार चुकले नाहीत. नंतर पाणी आटत गेलं, काठाला गुडघाभर चिखल झाला, तेव्हा बोर्ड गुंडाळून माळ्यावर गेला. त्या दिवसांत खारीक माळ्याकडं बघून भुंकायची. पाऊस होऊन तलाव भरल्यावर तो पुन्हा खाली आला. त्या पहिल्या दिवसानंतर खारीक आणखी दोनदा पाखरामागं उडाली. आता नुसती गुरगुरते. माझ्याकडून ही हकीकत कळल्यावर सोमेशनं एकदा फोन करून विचारलं की रिसॉर्टवर एक पाय अधू असलेले पाहुणे येतात, ती दोरीची रिकीब कशी बांधायची. देवयानी एका रविवारी जाऊन त्याला बांधून, स्वतः चढून दाखवून आली.

अडचण एकच राहिली आहे. व्हिडिओतला कुत्रा पुढं तोंड करून पाणी बघत बसला होता. खारीक तशी बसत नाही. ती देवयानीकडं तोंड करून, अगदी तिच्या पावलांना चिकटून पसरते आणि सगळी फेरी तिच्याकडं बघत राहते. त्यामुळं वल्ह्याचं पातं दर वेळी तिच्या कानांवरून न्यावं लागतं आणि देवयानीचे खांदे भरून येतात. तिला उलट बसवायचे सगळे प्रयत्न झाले. परवा मधल्या सुट्टीत देवयानी पुण्याला संस्कृतीशी फोनवर बोलत होती.

“नाही, बोर्ड ठीक आहे,” ती सांगत होती. “मला आताच्यापेक्षा वीतभर लांब वल्हं पाहिजे. कुत्री काही फिरून बसणार नाही.”